पेटंट कंपनीच्या नावावर करायला दिलं, सल्लागारच सहमालक होऊन बसला

"फॉर्म 16 आम्ही भरतो, तुम्ही फक्त सह्या करा" असं कुणी म्हणालं (हा फॉर्म 16 पगारावरच्या कराचा नव्हे, पेटंटची मालकी बदलल्याची नोंद करायचा अर्ज), तर आधी त्याचा पेटंट एजंट म्हणून नोंदणी क्रमांक मागा. क्रमांक नसेल तर तिथून उठा. मला गाठलेला इसम स्वतःला 'सल्लागार' म्हणवायचा. भिंतीवर प्रमाणपत्रांच्या फ्रेमा होत्या, त्यात हे एक प्रमाणपत्र नव्हतं.

पेटंट माझ्या एकट्याच्या नावावर होतं. प्रायव्हेट लिमिटेड काढल्यावर ते कंपनीच्या नावावर घ्यायचं होतं, कारण लायसन्स घेऊ पाहणाऱ्या कारखानदाराची तीच अट होती. हस्तांतरण लेखीच लागतं (पेटंट कायदा, कलम 68), आणि नोंद न केलेला कागद मालकीचा पुरावा म्हणून कोर्टातसुद्धा सहसा चालत नाही (कलम 69). हे मला ठाऊक होतं, म्हणून तर पैसे मोजून माणूस नेमला. नोंद रीतसर व्हावी एवढीच माझी इच्छा होती.

त्याने 42,000 रुपये घेतले: 'सरकारी फी' 18,000, मसुदा 14,000, स्टॅम्प आणि नोटरी 10,000. माझ्यासारख्या व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला फॉर्म 16 ची ऑनलाइन फी एका पेटंटला 1,600 रुपये आहे. मोठ्या कंपनीलाही 8,000च. पेटंट नियमांच्या पहिल्या अनुसूचीत फीचं कोष्टक छापलेलं आहे, ते स्वतः उघडून बघा.

आता ती वेळ सांगतो, जी आठवली की अजून संताप होतो. डीडवर, म्हणजे हस्तांतरणाच्या दस्तावर, सह्या मी आधीच केल्या होत्या, शेवटच्या पानावर, देणारा म्हणून आणि कंपनीचा संचालक म्हणून. नंतर त्याने 'फायनल' प्रत दाखवली. पहिली तीन पानं कोरी करकरीत, पिन एकदाच मारलेली. चौथ्या, म्हणजे माझ्या सह्यांच्या पानाला पिनेची जुनी भोकं होती आणि कागद किंचित पिवळट. मी विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "शुद्धलेखनाच्या चुका निघाल्या सर, आतली पानं परत छापली. मजकूर तोच आहे." समोर नोटरीचा शिक्का, टेबलावर दुसऱ्या अशिलांच्या फायलींचा ढीग. अशा वेळी कोणता माणूस चार पानं पुन्हा ओळीनं वाचतो? मी प्रश्न विचारला होता, त्याने खोटं उत्तर दिलं. दोष त्याचाच. तुम्ही मात्र प्रत्येक पानावर छोटी सही करा, 'पान 2 / 4' असे आकडे छापून घ्या आणि सह्या झाल्याबरोबर सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा.

दुसऱ्या पानावर घेणाऱ्याच्या जागी माझ्या कंपनीच्या नावापुढे 'आणि' घालून त्याच्या फर्मचं नाव बसवलं होतं. मला हे कळलं कारखानदाराकडून. त्याने इ-रजिस्टर, म्हणजे पेटंटच्या मालकीची ऑनलाइन सरकारी नोंदवही, पाहिलं. पेटंट क्रमांक टाकला की ते कुणालाही फुकट दिसतं. कलम 50 प्रमाणे सहमालकांचा हिस्सा, वेगळं काही ठरलं नसेल तर, समसमान, आणि दुसऱ्याच्या संमतीशिवाय लायसन्स देता येत नाही. कारखानदार निघून गेला.

सल्लागार म्हणाला, "टायपिंगची चूक आहे, कलम 78 खाली दुरुस्त करून देतो." त्याचे आणखी 27,500. एकूण 69,500 रुपये. अर्ज त्याने केलाच नाही. मी मागे लागलो तेव्हा मुखवटा गळाला: हिस्सा सोडायचे 3,50,000 रुपये मागितले. ते मी दिले नाहीत, देणारही नाही.

या नोंदी ठेवणाऱ्या पेटंट कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "डीडमध्ये जे आहे तेच रजिस्टरमध्ये आहे. आमची चूक कुठे?" कलम 78 लेखनिकी चुकांसाठी. कंपनीच्या नावातलं अक्षर चुकलं, आकडा उलटा पडला, तर ते चालतं. मालकीचा वाद असेल तर कलम 71, म्हणजे हायकोर्ट. पूर्वी त्यासाठी अपील मंडळ होतं, ते 2021 मध्ये रद्द झालं. फॉर्म 16 सोबत आलेला कागद नोंदताना, ज्याचं पेटंट आहे त्याला एक फोन, एक ईमेल करायला काय जातं? ईमेल पत्ता अर्जात असतो. माझ्या नावावरची मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर चढते आणि मला साधी सूचनाही येत नाही! वर मलाच विचारतात, "वाचलं नव्हतं का?"

पोलिसांची वेगळी तऱ्हा. "पेटंट म्हणजे ते औषधाचं ना?" इथपासून सुरुवात. मग "हे दिवाणी आहे, कोर्टात जा." पानं बदलून दस्त बनवणं दिवाणी कसं? कलम 119 प्रमाणे पेटंट रजिस्टरमध्ये खोटी नोंद करायला लावणाऱ्याला 2 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्या कलमाचा छापील कागद पुढे ठेवला, तर हवालदाराने तो फाइलीखाली सरकवला. लेखी तक्रारीची पोच मात्र मी हट्टाने घेतली. तुम्हीही घ्या, पोचेशिवाय पुढे कुणी दारात उभं करत नाही.

आता हायकोर्टात रजिस्टर दुरुस्तीचा अर्ज करतोय. पहिल्या मसुद्याची ईमेल माझ्याकडे आहे, आणि त्यात घेणारी एकटी माझी कंपनी आहे. पैसे मी बँकेतून दिले होते, रोख नाही, त्याचाही आता आधार आहे. या काळात वार्षिक नूतनीकरणाची फी मीच भरतोय. ती चुकली तर पेटंटच संपेल, आणि त्याचं त्यात काहीच जाणार नाही.

अशाच कुणाकडून तुमचं हस्तांतरण झालं असेल, तर आजच इ-रजिस्टर उघडा आणि मालकाच्या रकान्यात किती नावं आहेत ते मोजा. जास्तीचं नाव दिसलं तर दाखल झालेल्या डीडची प्रमाणित प्रत आधी मिळवा, सल्लागाराला फोन नंतर.