फोनमधलं रोटेट आणि फ्लिप: आठ महिने वापरून

२०१९ च्या महापुरात सांगलीतल्या आमच्या घरात पाणी शिरलं आणि अल्बमची निम्मी पानं एकमेकांना चिकटून बसली. जे फोटो वाचले ते गेल्या दिवाळीत फोनवर काढून ठेवायला घेतले. चारशेच्या आसपास झालेत. एवढी बोटं झिजवल्यावर गॅलरीतल्या या दोन बटणांबद्दल बोलायला हरकत नसावी: रोटेट म्हणजे फोटो फिरवणं, फ्लिप म्हणजे आरशातल्यासारखं डावं-उजवं उलटं करणं.

पहिला ताप म्हणजे फोटो मनाला येईल तसे आडवे पडायचे. फोन उभा धरलाय की आडवा, हे त्यातला सेन्सर गुरुत्वाकर्षणावरून ओळखतो. टेबलावर अल्बम ठेवून वरून फोन सपाट धरला की त्या बिचाऱ्याला काही उमगत नाही. आता मी आधी फोन उभा धरतो, पडद्यावरची चिन्हं सरळ झालेली बघतो आणि मग सावकाश खाली झुकवतो. हे सुचायला दोन महिने गेले. तोवर दीडेकशे फोटो एकेक करून एडिट, क्रॉप, रोटेट, सेव्ह!

त्यातून एक फोटो ऑनलाइन फॉर्मला जोडला. फोनवर सरळ, तिथे झोपलेला. झालं असं की कॅमेरा बऱ्याचदा चित्र फिरवतच नाही. फाइलला एक्झिफ नावाची माहिती जोडलेली असते, तिच्यात दिशेसाठी १ ते ८ पैकी एक आकडा लिहितो. ६ असेल तर दाखवताना घड्याळाच्या काट्यांप्रमाणे ९० अंश फिरवायचं. समोरच्या वेबसाइटने तो आकडा वाचलाच नाही तर फोटो आडवा. शेवटी स्क्रीनशॉट काढून तोच चढवला. थोडा बारीक झाला, पण चालून गेला.

फ्लिपचं मात्र सांभाळून. कोलाजमध्ये आजी डावीकडे बरी दिसेल म्हणून घरच्या गणपतीशेजारचा तिचा फोटो फ्लिप केला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत आत्याचा फोन. "अरे, आपला गणपती उजव्या सोंडेचा कधी झाला? आणि आईचा पदर उजव्या खांद्यावर?" नशीब, फोनमध्ये 'मूळ स्थितीत आणा' होतं. तेव्हापासून सेव्ह करताना कॉपीच करतो. रोटेटला लागूनच फ्लिपचं बटण ठेवणाऱ्याला मात्र माझा दंडवत; अंगठा चुकून तिथेच पडतो.

खरा उपयोग झाला तो एकदाच. आजोबांचा दुकानासमोरचा फोटो. पाटीवरची अक्षरं आरशातल्यासारखी उलटी. स्टुडिओवाल्याने निगेटिव्ह उलटी ठेवून छापली असणार. इतकी वर्षं तो भिंतीवर तसाच टांगलेला होता, कुणाच्या लक्षात आलं नाही. फ्लिप दाबलं आणि पाटी वाचता आली. आजोबांचं घड्याळही उजव्या मनगटावरून डाव्यावर आलं.

आत्याला पाठवला. ती म्हणाली, "भांगही आता बरोबर पडलाय बघ."