दोन हजार किलोमीटर फक्त मीटरमध्ये होते

जुनी गाडी घेताना लोक रंगाला भुलतात, क्रोमला भुलतात. मी भुललो एका वहीला.

गाडी जुनी, चार सिलिंडरची, पत्रा धडधाकट. विकणारा म्हणाला, क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) १० थाउ, म्हणजे इंचाचे दहा हजारांश, ग्राइंड करून इंजिन नव्याने बांधलंय आणि नंतर २००० किलोमीटर सलग पळवून तपासलंय. पुरावा म्हणून ही वही. दर १०० किलोमीटरला ऑइल प्रेशर, पाण्याचं तापमान, किती तेल घातलं, सगळं सुबक अक्षरात. बिघाडाच्या रकान्यात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ‘नाही’. मी खूश. खरं तर तिथूनच उठून यायला हवं होतं. इतक्या जुन्या गाडीला एवढं पळवलं आणि एकही होज पाझरला नाही, इग्निशनचा कंडेन्सर तापून बसला नाही, पंख्याचा पट्टासुद्धा सैल झाला नाही?

वर त्याने माझ्यासमोर संपचा, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीचा, ड्रेन प्लग काढला. प्लगच्या टोकाला चुंबक. “बघा, लोखंडाचा कण नाही!” मी मान डोलावली. क्रँकभोवती बसणाऱ्या बेअरिंगच्या वाटीवरचा, म्हणजे शेलवरचा, मऊ थर शिसं-कथिलाचा, त्याखाली तांबं. यातलं काहीच चुंबकाला चिकटत नाही, आणि हे मला माहीत होतं! शिवाय खरोखर पळवलेल्या इंजिनाच्या चुंबकावर थोडा बारीक राखाडी गाळ असतोच. इतका लख्ख प्लग म्हणजे नुकताच पुसलेला.

प्रेशरचे आकडे सगळे ६० पौंडांच्या आसपास. इंजिन गरम होतं की थंड, याचा वहीत पत्ता नाही. थंड इंजिनात तेल दाट असतं, काटा चढतोच. खरं काय ते कळतं तासभर रस्त्यावर पळवून मग आयडलिंगला ठेवल्यावर. मी तपासायला म्हणून पाच मिनिटं चक्कर मारली आणि व्यवहार केला.

घरी नेताना चढ लागला. काटा खाली खाली. इंजिनावर ओढ आली की खालून टकटक. थांबून आयडलिंगला पाहिलं तर ५ पौंडसुद्धा नाहीत. मेकॅनिकने तेल काढलं तेव्हा ते काकवीसारखं तारा धरून पडलं. आवाज दाबायला आणि प्रेशर फुगवायला घट्ट अॅडिटिव्ह ओतलेलं होतं.

संप उतरवला. बिग एंडचे, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाचे, शेल तांबूस पडलेले, म्हणजे वरचा थर संपलेला. मग आम्ही उलट बाजूने शोध घेतला: २००० किलोमीटर झाले असतील तर आणखी काय काय झिजलं असतं? डिस्ट्रिब्युटर उघडला. ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पॉइंटवर एका बाजूला खड्डा, दुसरीकडे टेंगूळ, असं थोडं तरी दिसायला हवं. दोन्ही तोंडं सपाट, कोरी. ब्रेक शूचं लायनिंग ड्रमला नीट बसलेलंच नव्हतं, फक्त कडेला घासलेलं. टायरवर साच्यातून आलेले रबराचे केस तसेच उभे, तेही चालणाऱ्या भागावर! किलोमीटरचा आकडा फिरवणाऱ्या स्पीडोमीटरच्या केबलचं गिअर बॉक्सकडचं टोक मात्र ताजं ओरबाडलेलं. मेकॅनिक हसून म्हणाला, “साहेब, गाडी नाही पळवली, ड्रिल लावून केबल पळवलीय.”

विकणाऱ्याला फोन केला. “जुन्या गाडीची गॅरंटी कोण देतं?” पावतीवर ‘जशी आहे तशी’ लिहिलेलं, खाली माझी सही. पैसे बुडालेच.

एक गोष्ट राहिली. व्यवहाराच्या दिवशी मी सहज विचारलं होतं, काढलेले जुने शेल बघायला मिळतील का. “ते कधीच भंगारात गेले,” तो म्हणाला. मेकॅनिकने शेल पालथा करून माझ्या हातात ठेवला. १० थाउ ग्राइंड केलेल्या क्रँकला १० थाउचे जाड शेल लागतात. मागे शिक्का होता स्टँडर्ड मापाचा.