फ्लॉवर-कोबीला कोणी मायकोरायझा विकत असेल, तर आधी हे वाचा

जुन्नर तालुक्यात आमची अडीच एकर बागायत आहे. गेल्या जूनमध्ये टोमॅटो आणि फ्लॉवरच्या लागवडीची घाई चालली होती, तेव्हा एक जण जीप घेऊन वस्तीवर आला. हातात काचेच्या दोन बरण्या. एकीत खुरटलेलं रोप, दुसरीत पांढऱ्याशुभ्र मुळ्यांचा झुपका. म्हणाला, "दादा, ही मुळावरची मित्रबुरशी. जमिनीत अडकून पडलेला स्फुरद पिकाला ओढून देते."

हे त्याचं बोलणं खरं होतं, आणि म्हणूनच मी फसलो. या बुरशीचे, म्हणजे मायकोरायझाचे, धागे मुळी पोचत नाही तिथपर्यंत जातात आणि तिथला स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, मुळाला आणून देतात. शेजारच्या भाऊंनी टोमॅटोला वापरून फरक पाहिलेला होता. मी चार-चार किलोच्या आठ पिशव्या घेतल्या. 950 रुपयांप्रमाणे 7,600 रुपये रोख मोजले. पावती मागितली तर "पुढच्या फेरीला आणतो" म्हणाला.

निम्म्या पिशव्या फ्लॉवरला टाकल्या. त्यानेच सांगितलं होतं, भाजीच्या कुठल्याही पिकाला चालतं, बेडवर फेकून द्या, सोबत डीएपी, म्हणजे स्फुरदाचं रासायनिक खत, चालू ठेवा.

दीड महिन्यात फ्लॉवरमध्ये काडीचा फरक नाही, टोमॅटोतही नाही. टोमॅटोची दोन झाडं मुळासकट उपटून मी कृषी विद्यापीठातल्या एका सरांकडे नेली. त्यांनी मुळं रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि मलाही बघायला लावली. आत बुरशीचा एक धागा नव्हता. फ्लॉवरचं नाव काढताच ते म्हणाले, "कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी, या कुळाच्या मुळात ही बुरशी घरच करत नाही. अस्सल माल असता तरी तिथे वायाच गेला असता." शिवाय ती मुळाला लागूनच पडावी लागते, म्हणजे रोपाच्या ट्रेमध्ये नाहीतर लागवडीच्या खड्ड्यात. आणि स्फुरदाचा मारा जास्त असला की झाड तिला जवळ करत नाही. त्या माणसाच्या तिन्ही सूचना उलट्या होत्या.

घरी येऊन उरलेले मूठभर दाणे पाण्यात टाकले. पाणी कोऱ्या चहासारखं झालं, तळाला माती बसली. तेव्हा कुठे मी पिशवी नीट वाचली. पुढे मुळाचं मोठं चित्र होतं. मागे उत्पादकाचा पत्ता नाही, बॅच नंबर नाही, मुदत नाही, एका ग्रॅममध्ये बुरशीचं प्रमाण किती याचा आकडा नाही. हे जैविक खत 1985 च्या खत नियंत्रण आदेशाखाली येतं, म्हणजे हे सगळं पिशवीवर छापलेलं असलंच पाहिजे. ट्रायकोडर्मा, म्हणजे पिकाच्या रोगावर वापरतात ती बुरशी, घेणार असाल तर तो कीटकनाशक कायद्याखाली येतो. त्याच्या पुड्यावर नोंदणी क्रमांक बघा.

कृषी अधिकाऱ्यांकडे गेलो. त्यांचा पहिला प्रश्न, "पक्की पावती?" ती नव्हती. तरी लेखी अर्ज दिला, रिकाम्या पिशव्या दिल्या. त्या माणसाचा फोन तेव्हापासून बंदच आहे.

पैसे जाऊ द्या, हंगाम परत येत नाही. त्या भरवशावर मी शेणखताच्या दोन ट्रॉल्या कमी टाकल्या होत्या, ते जास्त लागतं मनाला.

परवा मेहुण्यांनी ओतूरकडून एका पिशवीचा फोटो पाठवला. नाव नवं आहे, चित्र तेच. विकणाऱ्याच्या जीपमध्ये काचेच्या दोन बरण्या होत्या, असंही ते म्हणाले. तो फोटो मी कृषी अधिकाऱ्यांना त्याच दिवशी पाठवला आहे. तुमच्या वस्तीवर आला तर गाडीचा नंबर टिपून घ्या आणि तालुका कृषी कार्यालयाला लगेच फोन करा.