जुन्या मोटारीला एसी: मूळ घडणीचे भाग, टांगते युनिट की आधुनिक संच?

जुन्या मोटारीत वातानुकूलन बसवायचे ठरले की तीन मार्ग समोर येतात. कारखान्याने त्या मॉडेलसाठी त्या काळी जी यंत्रणा दिली होती, तिचे आज नव्याने घडवलेले हुबेहूब भाग जमवून ती पुन्हा उभी करता येते. डॅशबोर्डखाली टांगायचे सुटे युनिट घेता येते. किंवा त्या मॉडेलच्या मापाने तयार केलेला, पण आतून पूर्णपणे आधुनिक असा संच बसवता येतो. गार हवा तिन्हींतून मिळते. गाडीचा पत्रा किती कापावा लागेल आणि केलेले काम पुढे पूर्ववत करता येईल का, या दोन प्रश्नांपासून निर्णयाची सुरुवात करावी असे माझे मत आहे.

त्यासाठी आपल्या गाडीला मुळात काय मिळत होते ते आधी तपासावे. पॅकार्डने १९४० च्या मॉडेलांना कारखान्यातून एसी देऊ केला, तेव्हा कूलिंग कॉइल मागे डिकीच्या बाजूला होती आणि कॉम्प्रेसरला, म्हणजे गॅस दाबणाऱ्या पंपाला, इंजिनापासून सोडवणारा क्लच नसल्यामुळे तो बंद ठेवायचा तर पट्टाच काढावा लागे. फोर्ड मस्टँगच्या १९६५ आणि १९६६ च्या गाड्यांतला एसी डॅशबोर्डखाली टांगलेलाच असे; डॅशबोर्डच्या आत सामावलेली यंत्रणा १९६७ च्या मॉडेलपासून मिळू लागली. म्हणजे १९६६ च्या मस्टँगमध्ये टांगते युनिट हीच मूळ रचना आहे, आणि तिथे डॅशबोर्ड कापून हवेची तोंडे बसवणारा माणूस गाडीचे मूळपण राखत नाही, तर घालवतो.

मूळ घडणीच्या भागांची कसोटी लागते ती फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि प्रवाशांची जागा यांमधल्या पत्र्यावर. एसीसह आणि एसीविना विकल्या गेलेल्या एकाच मॉडेलच्या गाड्यांत फायरवॉलची भोके, हीटरची पेटी, डॅशबोर्डमागच्या हवेच्या वाटा, कंट्रोल पॅनेल, पुल्या आणि पुष्कळदा रेडिएटरही वेगळे असत. त्यामुळे एसीविना आलेल्या गाडीत हा मार्ग धरला, तर कॉम्प्रेसर आणि कॉइल आणून भागत नाही. झडपा, केबली आणि व्हॅक्यूमच्या नळ्यांपर्यंत सारे बदलावे लागते, आणि फायरवॉलचा पत्रा एकदा कापला की तो मूळ स्थितीत आणणे फार कष्टाचे होते. उलट गाडी मुळात एसीची असेल आणि आधीच्या मालकाने यंत्रणा काढून टाकलेली असेल, तर जागा तयारच असते, आणि अशा गाडीला तिचे हरवलेले अवयव परत देण्यासारखे समाधान दुसरे नाही.

मात्र नव्याने घडवलेला भाग दिसायला मूळसारखा असला, तरी मापालाही तंतोतंत असेलच असे नाही. कॉम्प्रेसरचे ब्रॅकेट बसवल्यावर, पट्टा चढवण्याआधी, क्रँकच्या पुलीवर पोलादी पट्टी आडवी टेकवून ती कॉम्प्रेसरच्या पुलीपर्यंत न्यावी. मी बसवलेल्या एका ब्रॅकेटमध्ये ती पट्टी पुलीच्या कडेपासून तब्बल तीन मिलिमीटर दूर राहिली होती. एवढ्या फरकाने पट्टा एका अंगाने झिजतो, आवाज करतो आणि वेग वाढला की निसटतो. मोजून घातलेल्या वॉशरने ते काम सरळ झाले. म्हणून रंगकामाआधी सगळे भाग एकदा कोरडे जोडून पाहावेत.

कॉम्प्रेसर आणि गॅस यांच्या बाबतीत मी मूळपणाचा आग्रह धरत नाही. जनरल मोटर्सच्या गाड्यांत वर्षानुवर्षे वापरलेला ए-६ कॉम्प्रेसर सुमारे १६ किलोचा होता. आजचे कॉम्प्रेसर जवळपास निम्म्या वजनाचे असून इंजिनावर कमी भार टाकतात. जुन्या यंत्रणा आर-१२ गॅसवर चालत. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर विकसित देशांत त्याचे उत्पादन १९९५ अखेर जवळपास थांबले आणि त्याची जागा आर-१३४ए ने घेतली. हा गॅस जुन्या नळी-पात्यांच्या कंडेन्सरमध्ये (गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीत), विशेषतः गाडी उभी असताना, दाब बराच चढवतो; म्हणून मूळ धाटणीची यंत्रणा करतानाही कंडेन्सर पॅरलल-फ्लो प्रकारचा (अनेक समांतर नळ्यांचा), होज पाइप आतून गॅस झिरपू न देणारा बॅरियर थर असलेले आणि तेल नव्या गॅसला चालणारे, म्हणजे पीएजी किंवा एस्टर, घ्यावे. डोळ्यांना दिसणारे भाग मूळ घडणीचे आणि दाब सोसणारे भाग आजचे, अशी सांगड मला सर्वांत योग्य वाटते.

आधुनिक संचात कॉइल आणि हीटर एकाच पेटीत येतात, झडपा छोट्या मोटरींवर चालतात आणि फायरवॉलची जुनी भोके झाकणाऱ्या पट्ट्याही सोबत मिळतात. जुनी हीटरची पेटी जपून ठेवली, तर पुढे सारे पूर्ववत करता येते. रोज चालवायच्या, मुळात एसी नसलेल्या गाडीसाठी मी हाच मार्ग सुचवीन. त्याची किंमत डॅशबोर्डमागच्या जागेत मोजावी लागते: अनेक संचांत ग्लोव्हबॉक्स आखूड करावा लागतो, आणि प्रदर्शनातल्या परीक्षकांना बोनेटखालची नवी जोडणी लगेच ओळखू येते.

टांगते युनिट सर्वांत कमी कापाकापीत बसते. ते आतलीच हवा फिरवते, काचेवर हवा सोडत नाही आणि पुढच्या प्रवाशाच्या गुडघ्यांना अडते. दुर्मीळ गाडीच्या मूळ पत्र्याला धक्का लावायचा नसेल, तर या उणिवा सोसाव्यात.

मार्ग कोणताही असो, विजेचा हिशेब आधी करावा. बऱ्याच जुन्या डायनामोंची क्षमता २० ते ३० अँपिअर असते. ब्लोअर, क्लच आणि कंडेन्सरचा पंखा एकदम चालू झाले, तर दिव्यांसाठी काही उरत नाही, म्हणून अल्टरनेटर आणि स्वतंत्र रिले लागतातच. ६ व्होल्टच्या गाडीला आधी १२ व्होल्टवर आणावे लागते. कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसत असल्याने रेडिएटरकडे येणारी हवा आधीच तापलेली असते. पंख्याभोवतीचे आच्छादन नसेल तर ते बसवावे आणि दाब प्रमाणाबाहेर गेल्यास क्लच तोडणारा स्विच गाळू नये.

भाग मागवताना होज पाइपांची धातूची टोके आधीच दाबून बसवलेली न घेता सुटी मागवावीत. पाइप गाडीत जागेवर धरून लांबी कापावी, टोकाचा कोन कोणत्या दिशेला हवा त्याची खूण पाइपावर आणि टोकावर एका रेषेत करावी आणि मगच टोके दाबून घ्यावीत. गॅस भरण्यापूर्वी यंत्रणा पंपाने निर्वात करून निदान अर्धा तास दाबमापकाचा काटा हलतो का ते पाहावे. काटा हलला, तर गळती सापडेपर्यंत गॅस भरू नये.