विभागासाठी गूगल कॅलेंडर: जरूर घ्या, पण परवानग्या विचार करून द्या

आमच्या रसायनशास्त्र विभागाच्या तारखा पूर्वी व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरायच्या. इंटर्नल कधी, बाहेरचे परीक्षक कधी येणार, टीवायच्या (पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या) कुठल्या बॅचला कुठली लॅब, हे सगळं सणाच्या शुभेच्छांखाली गाडलं जायचं. आता ते गूगल कॅलेंडरवर आहे आणि मी खूश आहे.

कॅलेंडर कुणाच्या वैयक्तिक खात्यावर काढू नका. माणसं निवृत्त होतात, आणि खातं बंद झालं की त्यावरचं कॅलेंडरही जातं. आम्ही विभागाच्या ईमेलवरून काढलं. शेअर करताना परवानगीच्या चार पातळ्या मिळतात: फक्त वेळ मोकळी की भरलेली एवढंच दिसणं, सगळा तपशील दिसणं, बदल करता येणं, आणि बदलांबरोबर शेअरिंगही सांभाळता येणं. शेवटची एचओडी मॅडम आणि माझ्याकडे, बदलांची मुभा लॅब असिस्टंटना, बाकीच्यांनी फक्त बघायचं. यावर थोडी कुरबुर झाली, पण माझं मत ठाम आहे: सगळ्यांच्या हातात पेन दिलं की तारखांवर कुणाचाच भरवसा राहत नाही.

मला सर्वात आवडलं ते यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरचं वेगळं कॅलेंडर. दुपारी मशीन रिकामं आहे का, हे विचारायला पीएचडीच्या मुलांना आता जिने चढावे लागत नाहीत.

सोमवारची प्रॅक्टिकल बॅच एकदाच टाकायची, ती दर आठवड्याला आपोआप येते. गणपतीच्या सुट्टीतली काढताना ‘फक्त ही’, ‘ही आणि पुढच्या’ की ‘सगळ्या’ असं विचारलं जातं; तिथे घाई नको. काही उडालंच तर कॉम्प्युटरवर ट्रॅशमध्ये 30 दिवस सापडतं.

रिमाइंडर मात्र ज्याचे त्यानेच लावायचे. मी लावले म्हणून तुमचा फोन वाजणार नाही. त्यामुळे स्टाफ मीटिंगमध्ये सगळ्यांना फोन काढायला लावून तिथेच सेटिंग करून घ्या.

सीएचबीचे, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवणारे, प्राध्यापक स्वतःचं जीमेल वापरत असतील, तर कॉलेजच्या खात्यावरचं कॅलेंडर त्यांना नुसतं ‘व्यस्त’ दिसू शकतं. बाहेर किती तपशील दाखवायचा हे कॉलेजचा ॲडमिन ठरवतो. सत्र सुरू होण्याआधीच त्याच्याकडून ते खुलं करून घ्या, नाहीतर सरळ त्यांना कॉलेजचा ईमेल मागून द्या.