जुन्या गाडीच्या दाराला हँडल ठेवायचं, बटन लावायचं का रिमोट?

जुनी अँबेसिडर नाही तर फियाट उचलून तिला नव्यानं उभी करणारे आता वर्धा-यवतमाळकडे पण दिसून राहिले. काही शौकीन, काही नवरदेवाच्या वरातीसाठी. गाडी पेंटला जायच्या आधी सगळ्यांचा एकच प्रश्न येते, की भाऊ हँडल काढून टाकू का, दार कसं एकदम साफ दिसते. दिसतेच, खोटं कशाला बोलायचं, पण हँडल काढल्यावर दार उघडणार कशानं हे आधी ठरवा, कारण मंग पत्रा कापला की वापस येता येत नाही.

पर्याय तीन आहेत. आहे तेच हँडल नवीन क्रोम करून लावायचं. दुसरा, हँडलच्या जागी रुपयाएवढं गोल बटन, अंगठ्यानं दाबलं की आतली पट्टी लॅचचा, म्हणजे दार धरून ठेवणाऱ्या कडीचा, खटका ओढते, करंटचा काही संबंध नाही. तिसरा, बाहेरून काहीच नाही, दारात सोलेनॉइड, म्हणजे करंट दिला की खटका ओढणारं विजेचं यंत्र, खिशात रिमोट नाही तर आरशाखाली लपवलेला छोटा स्विच. तिसऱ्यात पण कुठं तरी बटन असतेच म्हणून दुसरा आणि तिसरा एकच समजून लोक भाव विचारतात, आणि मंग डेंटरशी वाद घालत बसतात.

बटन लावलं तर गाडी विंटेज वाटत नाही म्हणणारे भेटतील, त्यांना सांगा की अमेरिकेत लिंकन कॉन्टिनेंटलला 1941 मध्येच दारावर बटनं आली होती आणि तिथले कस्टम गाड्यावाले तीच लिंकनची बटनं आणून फोर्ड-मर्क्युरीच्या दारांना लावायचे. म्हणजे दिसायला बटन जुनंच आहे, आपल्या अँबेसिडरच्याही आधीचं. सवाल दिसण्याचा नाहीच.

मेकॅनिकल बटनाचं सगळं गणित लॅचवर आहे. दाराचं आतलं पॅड काढा, लॅचच्या खटक्याला स्प्रिंगकाटा अडकवा, तोच हुकवाला काटा ज्याच्यावर भाजीवाले माल तोलतात, आणि दार उघडं असताना ओढून पाहा खटका किती किलोवर सुटते. मंग गाडीत आत बसून, नवीन रबर बसवलेलं दार बंद करून, परत ओढा. दुसरा आकडा जास्त येईल, कारण रबर दाराला बाहेर ढकलते आणि लॅचचा दात स्ट्रायकरवर, म्हणजे चौकटीवरच्या अडकणीवर, दाबून बसते. हाच दुसरा आकडा खरा. आता खटका सुटायला किती सरकते ते पट्टीनं मोजा. समजा खटक्याला 15 मिलिमीटर पाहिजे आणि तुमचं बटन आत जाते 10 मिलिमीटरच, तर मधात एल आकाराची पट्टी देऊन चाल दीडपट करावी लागते, आणि चाल दीडपट झाली की अंगठ्याचा जोरही दीडपट लागते. काट्यावर 6 किलो आलं असेल तर अंगठ्याला 9 किलो. तुम्हाला जमेल, घरच्या म्हातारीला जमणार नाही, ती म्हणेल "हे दार उघडूनच नाही राह्यलं बावा", आणि दर वेळी तुम्हालाच उतरून दार उघडावं लागेल. म्हणून आधी लॅच साफ करा, घासलेला दात बदला, मोठ्या चालीचं बटन शोधा, आणि मंगच लेथवाल्याकडे जा. हे न करता जो सरळ भोक पाडते त्याला माझ्याकडून तरी सहानुभूती नाही.

आणखी एक गोष्ट जी चित्रात दिसत नाही. हँडल दोन कामं करते, खटका सोडते आणि दार ओढायला पकड देते. बटन फक्त पहिलं काम करते. बटन दाबलं, खट आवाज आला, आणि दार जागच्या जागी, कारण धरायला काहीच नाही, नखं घालून ओढावं लागते. त्यासाठी दाराच्या चौकटीत स्प्रिंगचा पॉपर लागते, दार बंद करताना तो दबते आणि खटका सुटला की दाराला दोन बोटं बाहेर ढकलते. पॉपर बसवला की दार बंद करायला थोडं जोरात लावावं लागते, हे इतरांना सांगत बसायची तयारी ठेवा, नाही तर अर्धवट लागलेलं दार घेऊन गाडी निघेल. हे पॉपरचं बटनालाही लागू आणि सोलेनॉइडलाही, फक्त हँडलवाल्याला ही कटकट नाही.

आपल्याकडची धूळ वेगळी आहे. कापसाच्या हंगामात पांदण रस्त्यानं गाडी नेली की काळ्या मातीची ती बारीक भुकटी बटनाच्या दांड्यात जाऊन बसते, आणि लोक काय करतात तर भरभरून ग्रीस मारतात, मंग ग्रीस आणि माती मिळून घट्ट लेप होते आणि बटन आत गेलं की बाहेर येत नाही. दांड्याला ग्रीस नको, ग्रॅफाइट पावडर घ्या, आणि बटनामागं रबरी वॉशर बसवा. पावसाचं पाणी तिथूनच दारात उतरते, म्हणून दाराच्या खालची पाणी जायची भोकं पेंटरनं बुजवली नाहीत ना तेही पाहा. दार खालून सडते ते यामुळंच.

आता सोलेनॉइड. मंडपासमोर गाडी थांबली, रिमोट दाबला आणि दार आपोआप उघडलं की पोट्टे शिट्ट्या मारतात, मजा आहेच. पण बाजारात जे सेंट्रल लॉकचे स्वस्त ॲक्च्युएटर मिळतात ते लॉकची काडी वर-खाली करायला असतात, रबराच्या दाबाखाली असलेला खटका ओढायचा त्यांच्यात दम नाही. यासाठी मुद्दाम जे दार सोलेनॉइड मिळतात ते 18-20 किलोच्या ताकदीचे असतात, पण तो क्षणभर का होईना 25-30 अँपियर खेचते. म्हणजे रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू करणारा स्विच) पाहिजे, जाड वायर पाहिजे, बॅटरीजवळ वेगळा फ्यूज पाहिजे. साठ-सत्तरच्या दशकातल्या गाडीचं जुनं वायरिंग, त्यात डायनामो असला तर चार्जिंग आधीच कमजोर, त्याच्यावरच जोडलं तर सोलेनॉइड नुसता टकटक करते. काही जुन्या ब्रिटिश धाटणीच्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं, पण सापडते, तिथं रिमोटचं किट लावलं की किट गेलंच. आणि चौकटीतून दारात जाणारी वायर रोज वाकते, तिला रबरी नळी नसली तर ती तिथंच तुटणार.

बॅटरी उतरली की काय, हा प्रश्न विचारला की दुकानदार म्हणते "काही नाही होत". होते. वरातीची गाडी लग्नसराई संपली की गोठ्याशेजारी शेडमध्ये ताडपत्रीखाली चार महिने उभी राहते, बॅटरी झोपणारच, आणि बॅटरी बॉनेटखाली, बॉनेटची तार आत, आत जायचं दार बंद. म्हणून सोलेनॉइड लावायचा असेल तर दोन गोष्टी पाहिजेतच. एक, बंपरमागं किंवा चाकाच्या कमानीत लपवलेले दोन टर्मिनल, बाहेरून दुसरी बॅटरी जोडता येईल असे. दोन, लॅचला बांधलेली सायकलच्या ब्रेकची केबल, गाडीखाली फक्त तुम्हाला माहीत असेल अशा जागी. जो फिटर केबल लागत नाही म्हणते त्याला काम देऊ नका.

डुक्कर फियाटवाल्यांनी (फियाटचं जुनं 1100 मॉडेल) तर सोलेनॉइडच्या नादी लागूच नये. त्या गाडीची सामोरची दारं उलटी, बिजागरी मागं. चालत्या गाडीत चुकून स्विच दबला तर साध्या गाडीचं दार हवेनं दाबूनच राहते, हिचं दार हवा धरून सताड उघडेल. इग्निशन चालू असताना सोलेनॉइडला करंटच जाणार नाही असं कनेक्शन करता येते, पण करता येते आणि गावातल्या इलेक्ट्रिशियननं बराबर केलं यात फरक आहे.

माझ्या मनात सगळ्यात वरचा मुद्दा हा आहे. गाडी रात्री नाल्यात गेली किंवा समृद्धीवर ठोकली, तर पहिला हात कोणाचा लागेल? शेतात ओलीत करणाऱ्या माणसाचा, नाही तर मागच्या ट्रकवाल्याचा. तो अंधारात दारावर हात फिरवून हँडल शोधणार. बटन त्याला दोन क्षणांत सापडेल. गुळगुळीत दार असलं तर तो काच फोडायला दगड शोधत बसेल. आणि म्हणूनच आतलं हँडल आणि त्याचा रॉड कोणत्याही पर्यायात काढायचा नाही, आत पण बटन लावू म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

कागदाचं पण पाहून घ्या. 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे 50 वर्षांवरची गाडी मूळ रूपात असली, बॉडी, चेसिस, इंजिनमध्ये मोठा फेरबदल नसला, तर विंटेज नोंदणी होते, नंबरात व्हीए अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये आणि ती 10 वर्षं चालते. पण ती गाडी रोज फिरवता येत नाही आणि भाड्यानं तर नाहीच, म्हणजे वरातवाल्यांच्या कामाची ती नोंदणी नाही. ज्यांची गाडी मूळ रूपात आहे आणि पन्नाशीला टेकली आहे त्यांनी दाराचा पत्रा कापायच्या भानगडीत पडू नये, क्रोम करा आणि सोडा. साध्या नोंदणीवाल्यांना 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी नूतनीकरणाला गाडी दाखवावी लागते, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 फेरबदलाबद्दल आहेच, तेव्हा आधी आरटीओत तोंडी नाही, लेखी विचारा. विमावाल्यालाही कळवा.

मंग घ्यायचं काय? रोज तालुक्याला जाणारी गाडी असेल तर हँडल. आधीच कापाकापी झालेली, मूळ राहिलीच नाही अशी गाडी असेल आणि साफ दार पाहिजेच असेल तर मेकॅनिकल बटन, त्यातही फक्त सामोरच्या दोन दारांना, ड्रायव्हरकडच्या बटनात मधात चाबीचं कुलूप असलेलं. मागच्या दारांना हँडल राहू द्या, पाहुणे तिथूनच चढतात. सोलेनॉइड फक्त प्रदर्शनात ट्रकवर चढवून नेणार असाल तर.

आणि भोक बुजवताना पत्र्याचा तुकडा वेल्डिंगनं लावून घ्या, थोडे थोडे टाके देत, मधात थंड होऊ देत, एकदम ओढलं तर अख्ख्या दाराला लहर पडते. नुसती लांबी, म्हणजे पुट्टी, भरून देणारे आहेत, पेंट झाल्यावर काहीच दिसत नाही, पण आपल्याकडचं मे महिन्यातलं 46 डिग्रीचं ऊन लागलं की हँडलच्या जागी बराबर गोल भेग येते. म्हणून डेंटरला पैसे पेंटच्या आधी दारामागून हात घालून पाहिल्यावरच द्या.