डोंबिवलीचं पीपीएफ खातं देवगडात आणलं, तीन महिने लागले, त्याचा रिव्ह्यू

पीपीएफ, म्हणजे पब्लिक प्रॉव्हिडंट फंड, ते १५ वर्षांचं सरकारी बचत खातं, एका बँकेतून दुसऱ्या बँकेत हलवता येतं, खातं मोडावं लागत नाही, वर्षं वाया जात नाहीत, आणि तरीपण माझ्या ओळखीतल्या दहातल्या आठ जणांना हे माहीतच नाहीये म्हणून लिहितेय. दोन्ही बँकांची नावं देत नाही. जुनी शाखा डोंबिवलीची, नवी इथली देवगडची, बँका वेगवेगळ्या.

आम्ही २०२३ च्या मे महिन्यात कायमचे गावी आलो. सासऱ्यांना एकट्याला बाग झेपेना, आंब्याची कलमं बऱ्यापैकी आहेत, मग यांनी नोकरी सोडली आणि आलो. सगळं हललं पण माझं पीपीएफ तिकडेच राहिलं. जानेवारी २०१२ ला उघडलेलं, महिन्याला ५ हजार घालत आलेय, एकही महिना चुकवला नाही, हा माझा स्वतःच्या शिकवणीच्या पैशातला पैसा आहे त्यामुळे जीव आहे माझा त्याच्यात. पासबुक भरायला डोंबिवलीला कोण जाणार, आणि उद्या पैसे काढायची वेळ आली तर फॉर्म द्यायला शाखेतच बोलावतात. म्हणून ठरवलं की इकडे आणायचं.

शेजारच्या काकी म्हणाल्या, "जुना खाता बंद कर नि हय नवीन काढ, कित्याक एवढी धावपळ करतंस?" काकींचा जीव आहे माझ्यावर पण हे ऐकलं असतं तर पंचाईत होती. पीपीएफ १५ वर्षांच्या आधी असं मनात आलं म्हणून बंद करता येत नाही. पाच वर्षं झाल्यावर गंभीर आजारपण, उच्च शिक्षण किंवा परदेशात स्थायिक होणं अशी कारणं असतील तरच, तेव्हासुद्धा व्याज १ टक्का कमी धरतात. आणि जुनं तसंच ठेवून नवीन काढणं तर त्याहून वाईट, एका माणसाला एकच पीपीएफ असतं, १ ऑक्टोबर २०२४ पासून तर जादाच्या खात्यांबद्दल नियम अजून कडक झालेत. ट्रान्सफर हाच रस्ता.

माझा भाचा इंग्लंडला असतो, तिकडे त्यांचं कॅश आयसा म्हणून खातं असतं, वर्षाला २० हजार पौंडांपर्यंत घालता येतात आणि व्याजावर टॅक्स नाही. तो सांगत होता की तिकडे फॉर्म नव्या बँकेत भरायचा, बाकी सगळं दोन बँका आपसात बघतात आणि एका कॅश आयसातून दुसऱ्या कॅश आयसात असेल तर १५ कामाच्या दिवसांत व्हायला पाहिजे असा दंडक आहे. स्वतः पैसे काढून नेले तर मात्र टॅक्सची सवलत जाते. आपल्याकडे उलटं, अर्ज जुन्या शाखेत द्यायचा. ऑनलाइन काही नाही, मी खूप शोधलं.

तर २०२४ च्या १२ ऑगस्टला एका लग्नाच्या निमित्ताने डोंबिवलीला गेले होते तेव्हा अर्ज आणि पासबुक दिलं. त्याआधी एक काम केलं ते सगळ्यांनी करा, वर्षाचे उरलेले हप्ते एकदम भरून टाकले, कारण खातं वाटेत असताना पैसे भरता येत नाहीत. वर्षाला कमीत कमी ५०० रुपये तर जायलाच पाहिजेत नाहीतर खातं बंद पडतं आणि मग चालू करायला प्रत्येक वर्षाचे ५० रुपये दंड. ऑटो डेबिटपण तिथेच थांबवलं. आणि दुसरं म्हणजे पासबुकाच्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत झेरॉक्स. त्या झेरॉक्सने मला पुढे वाचवलं.

जुनी शाखा काय पाठवते ते माहीत असू द्या म्हणजे विचारता येतं. खातं उघडतानाचा फॉर्म, नॉमिनेशनचा फॉर्म, सहीचा नमुना, खात्याचा सगळा हिशोब आणि शिल्लक रकमेचा डीडी, म्हणजे डिमांड ड्राफ्ट. माझा मूळ फॉर्मच सापडेना. तीन आठवडे फोन केला की "मॅडम प्रोसेसमध्ये आहे", मग गणपती आले, आमच्याकडे अकरा दिवसांचा असतो त्यामुळे मलापण उसंत नव्हती. शेवटी यांच्या चुलतभावाला पाठवलं, तो तासभर समोर बसून राहिला तेव्हा कुठे फाइल निघाली. मग सही जुळत नाही, परत सही करून पाठव. सप्टेंबरअखेर पाकीट निघालं एकदाचं.

आणि आलंच नाही. देवगडच्या शाखेत मी आठवड्यातून दोनदा जायचे, जामसांड्याहून काय लांब नाही, पण तिथले साहेब म्हणायचे वहिनी अजून काही नाही. मग मी डोंबिवलीकडे स्पीड पोस्टचा नंबर मागितला, दोनदा टाळलं, तिसऱ्यांदा ईमेल केला तेव्हा दिला. मोबाइलवर टाकून बघते तर पाकीट पोचलेलं, देवगड बारियाला. गुजरातमध्ये, दाहोद जिल्ह्यात. माझे १२ लाख ८० हजार गुजरातला. हात थरथरायला लागले माझे अक्षरशः, हे बागेत होते त्यांना हाक मारून बोलावलं. डीडी बँकेच्या नावाचा असतो, दुसरं कोणी वटवू शकत नाही हे नंतर शांतपणे कळलं पण त्या क्षणी काही सुचत नव्हतं. शिवाय डीडी तीन महिनेच चालतो, तो धाक वेगळाच.

म्हणून अर्जात नुसतं गावाचं नाव लिहू नका. शाखेचा पूर्ण पत्ता, जिल्हा, पिनकोड, आयएफएससी कोड सगळं लिहा, आणि पाकीट निघालं की त्याच दिवशी ट्रॅकिंग नंबर घ्या. मी तिथून पुढे फोन बंद करून सगळं लेखी केलं, बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट, तेही त्या ईमेलात लिहिलं. चौथ्या दिवशी मॅनेजरचा स्वतःचा फोन. पाकीट परत मागवून ७ नोव्हेंबरला देवगडात पोचलं.

इथल्या शाखेचं कौतुक करायलाच पाहिजे. त्या दिवशी लाइट येऊन जाऊन होती, तरी साहेबांनी बसवून घेतलं, केवायसीचे कागद, नवा फॉर्म, फोटो सगळं एका बैठकीत करून घेतलं आणि संध्याकाळी पासबुक हातात. घरी येऊन चष्मा लावून पहिलं पान वाचलं. नाव बरोबर, नॉमिनी बरोबर. खातं उघडल्याची तारीख ०७-११-२०२४. मुदत संपण्याची तारीख ०१-०४-२०४०.

माझं खातं १६-०१-२०१२ चं आहे. ज्या आर्थिक वर्षात उघडलं ते वर्ष संपल्यापासून १५ वर्षं मोजतात, म्हणजे माझी मुदत १ एप्रिल २०२७ ला पुरी होते. एका तारखेने १३ वर्षं पुढे गेली! ट्रान्सफर झालेलं खातं हे चालू खातंच असतं, नवीन नाही. आणि नुसती मुदत नाही, मधे थोडे पैसे काढायचा हक्कपण याच तारखेवरून ठरतो, सातव्या वर्षापासून काढता येतात, या चुकीच्या तारखेने मला एप्रिल २०३० पर्यंत हात लावता आला नसता. लेकीच्या फीसाठी मी त्यावरच भिस्त ठेवून आहे.

दुसऱ्या दिवशी उघडायच्या आधी जाऊन उभी राहिले. साहेबांनी झेरॉक्स बघितली, डोंबिवलीहून आलेला हिशोबाचा कागद बघितला, आणि लगेच म्हणाले "वहिनी, आमची चूक झाली." नवीन खातं म्हणून एंट्री झाली होती. एक शब्द जास्त नाही, वरच्या ऑफिसला मेल टाकला, आठ दिवसांत दुरुस्त केलेलं पासबुक दिलं. चूक मान्य करणारा माणूस भेटला की निम्मा त्रास तिथेच संपतो बघा.

त्याच आठवड्यात यांचंपण नवीन पीपीएफ काढलं, ते मात्र अर्ध्या तासाचं काम. आधार, पॅन, फोटो, नॉमिनी, ५०० रुपये. वर्षाला दीड लाखापर्यंत घालता येतात, अज्ञान मुलाच्या नावाने काढलं तर ते आणि आपलं मिळून दीड लाख हे लक्षात ठेवा. व्याज सध्या ७.१ टक्के, एप्रिल २०२० पासून तेवढंच आहे. नव्या टॅक्स पद्धतीत भरलेल्या पैशांवरची ८०सीची वजावट मिळत नाही पण व्याज आणि शेवटी मिळणारी रक्कम दोन्ही टॅक्स फ्रीच राहतात.

बागायतदारांना एक सांगते. महिन्याचं व्याज ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सगळ्यात कमी शिलकीवर मोजतात. म्हणजे ५ तारखेच्या आत भरलं तर त्या महिन्याचं मिळतं, ६ तारखेला भरलं तर गेलं. सगळे सांगतात की ५ एप्रिलच्या आत वर्षाचं एकदम भरा, पण आमच्याकडे तेव्हा पेट्या नुकत्या निघत असतात, पैसा हातात यायला मे उजाडतो. म्हणून आम्ही यंदाच्या आंब्याचे थोडे पैसे एफडीत ठेवतो, पुढच्या मार्चअखेर सुटतील असे, आणि ते एप्रिलच्या सुरुवातीला यांच्या पीपीएफला.

राहिली एकच धाकधूक, व्याजाची. माझ्या डीडीत नुसती शिल्लक आली होती, चालू वर्षाचं व्याज नव्या शाखेने घालायचं होतं, आणि एंट्री नोव्हेंबरची असल्यामुळे आधीचे सात महिने धरतात की नाही ही भीती. एवढ्या रकमेवर एका महिन्याचंच व्याज सात हजारांच्या वर होतं. मार्च संपल्यावर पहिल्याच आठवड्यात पासबुक भरायला गेले, मशीनमधून ओळ बाहेर येईपर्यंत श्वास धरून होते. ३१-०३-२०२५, व्याज, नव्वद हजारांच्या जवळ. पूर्ण वर्षाचं. साहेबांना तिथूनच हात केला.

जुन्या शाखेला पाचात एक, तोही त्या शेवटच्या फोनसाठी. देवगडच्या शाखेला साडेचार. कोणाला अर्जात काय लिहायचं विचारायचं असेल तर खाली विचारा, माझ्या अर्जाची कॉपी आहे, वाचून सांगेन.